रात्रपाळी

फ्रिजच्या डोक्यावर, क्रोशाच्या रुमालावर
जुना लॅपटॉप बसलाय, पडदा फुटलेला.
पोवई नाक्यावरच्या अझीम मुलाणीनं
त्यात नवी डिस्क घातली, दोन वायरी जोडल्या
आणि म्हणाला, काकू, हा आता तुमचा सर्व्हर.
याला झोपू द्यायचं नाही.

मला त्याचं काय नवल.
चौतीस वर्षं मी न झोपणाऱ्या खोलीत भाकरी कमावली.
आधी कोरेगाव एक्स्चेंज, मग सातारा.
कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत,
आणि पलीकडे मुंबईचा ट्रंक कॉल लावून
तास तास ताटकळलेली माणसं:
लागला का हो बाई?

पहिल्याच रात्री इंदुमती बर्गेंनी बजावलं होतं,
कानावर पडेल ते पडेल.
तोंडावर येता कामा नये.

जावई म्हणतो, हे सगळं बाहेर फुकट मिळतं.
मी म्हणते, आमच्या खात्यात फुकट कॉल
फक्त साहेबांना होता.
बिल दुसऱ्याच्या नावानं फाटायचं.

तर आता या यंत्रावर गोडोलीतल्या
भिशीच्या अकरा जणींचा हिशेब आहे
(आधी वही होती; वही वंदनाकडे, वंदना माहेरी).
फोटो आहेत: बारशाचे, गुडघ्याच्या एक्सरेचे,
कुणीतरी उगाच काढलेला वीजमीटरचा.
शाल्मलीचे श्टुटगार्टहून रात्री येतात,
सकाळी चहा उकळेपर्यंत मी बर्फ बघते.

मंगळवारी लाइट जाते.
बॅटरी टीं टीं करते, मी अर्ध्या आंघोळीची धावते.
एकदा अपडेट करायला गेले
आणि सगळं दोन दिवस आडवं.
गल्लीत विचारणा: काय हो, एक्स्चेंज बंद?

पण खरी अडचण वेगळीच निघाली.
हे यंत्र वही लिहितं.
कोण आलं, किती वाजता, कुठलं दार उघडलं.
मालकिणीला सगळं दिसतं.

पहाटे तीन चाळीस. शाल्मली.
फोल्डर: बाबा. फाइल: मोटर.
चौदा सेकंद. सलग चार वेळा.

मला पाठ आहे ती फाइल.
मी गावाला होते, पाणी चढत नव्हतं,
तेव्हा यांनी पाठवलेला निरोप:
आधी कॉक सोड, मग बटण दाब.
पाणी आलं की कॉक बंद.
घाई करू नकोस.

दुपारी तिचा फोन. काय जेवलीस, थंडी किती.
झोप छान लागली म्हणाली.
मी म्हटलं, बरं झालं.

बर्गेबाई, मी बोलले नाही.

आणि लता जगदाळे रोज रात्री दोनला
हिशेबाचं एकच पान उघडून बसते,
तिच्या नावापुढचं.
तिलाही काही विचारलं नाही.
फक्त पुढच्या भिशीला
चिठ्ठी काढायची पाळी माझी होती,
आणि डबा मी घरून नेला होता.
कुणाची निघाली ते विचारू नका.
तोंडावर आलं नाही हो. हातावर आलं.

त्या रात्री झोप लागेना.
अझीमला सकाळी बोलावलं,
म्हटलं, ही वही बंद होते का रे?
तो म्हणाला, काकू, बंद नको, चोर कळणार नाही.
मग रोज मध्यरात्री कोरी होईल अशी करून घेतली.
तरी बाराच्या आत एखादवेळी
बोट तिकडे जातं. खोटं कशाला बोलू.

काल वारं सुटलं, फ्यूज गेला,
बॅटरीनंही मान टाकली.
फ्रिजवर पहिल्यांदाच अंधार.
मी मेणबत्ती शोधतेय तोवर फोन वाजला.
आई, बरी आहेस ना तू?
किती वेळ झाला, लागत नाहीये.

मेणाचा चटका बोटाला, फोन खांद्यात धरलेला,
आणि तोंडून आपोआप
चौतीस वर्षांचा तो आवाज:
लाइनवर राहा.
लावून देते.